तापीकाठानं एकट्याची सायकल : प्रकाशा ते चांगदेव, आभाळाचा भरवसा नसताना

खान्देशाला समुद्र नाही, पण काठ आहे. मुलताईला उगम पावलेली तापी सुरतेपुढे अरबी समुद्राला मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते. त्यातला पूर्वेचं चांगदेव (जळगाव जिल्हा) ते पश्चिमेचं प्रकाशा (नंदुरबार जिल्हा) हा मधला पट्टा सायकलीनं पाच दिवसांत आरामात होतो. रस्ता जवळजवळ सपाट आहे. उत्तरेला दिवसभर सातपुडा सोबत असतो आणि दर पंधरा-वीस किलोमीटरला चहाची टपरी मिळते. अवघड भाग एकच, तो म्हणजे आभाळ. पोळा ते नवरात्र या दिवसांत सकाळी लख्ख ऊन, अकराला उकाडा, तीनला गडगडाट आणि पाचला पुन्हा ऊन, असा खेळ चालतो. या दिवसांत एकट्यानं निघायचं तर काय काय बघायचं, ते क्रमानं सांगतो.

आधी दिशा ठरवा

नकाशा उघडला की वाटतं, नदीबरोबर जावं. चांगदेवला सुरुवात करून उताराला लागावं आणि प्रकाशाला थांबावं. मीही पहिल्यांदा तेच केलं, भुसावळहून पश्चिमेकडे निघालो. चोपड्याच्या पुढे मी सपाट डांबरी रस्त्यावर ताशी नऊ-दहा किलोमीटरनं सायकल रेटत होतो आणि शेजारून बैलगाडीवाला माझ्याकडे दयेनं बघत होता.

तापीचं खोरं म्हणजे उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेला उघडं तोंड. पावसाळ्याचा वारा त्या तोंडातून आत शिरतो आणि पूर्वेकडे वाहत राहतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्यांची रांग उभी आहे, ती उगाच नाही. उताराचं म्हणाल, तर एवढ्या लांबीत तो इतका वाटला गेला आहे की पायांना समजतच नाही. वारा मात्र प्रत्येक पायडलला समजतो.

म्हणून जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत उलटं जायचं. सुरुवात प्रकाशाला, शेवट चांगदेवला, नदीच्या विरुद्ध पण वाऱ्याबरोबर. ऑक्टोबरात वारा पडतो, कधी इकडचा कधी तिकडचा होतो, तेव्हा दिशेनं फारसा फरक पडत नाही. दिवाळीनंतर थंडीत वारा पूर्वेकडून वाहू लागला की मग खुशाल चांगदेवहून प्रकाशाला जा.

मी भुसावळचा, त्यामुळे मला यात आणखी एक सोय सापडली. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग तापीच्या दक्षिणेनं धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करत नंदुरबारला जातो. सायकल गाडीनं नंदुरबारला न्यायची आणि चालवत घरी यायचं. घराकडे तोंड असलं की तिसऱ्या दिवशीचा कंटाळाही निम्मा होतो. सायकल डब्यात घेऊन चढू नका. पार्सल ऑफिसात आदल्या दिवशीच विचारा की कोणत्या गाडीच्या लगेज डब्यात जागा असते आणि ती गाडी नंदुरबारला पुरेशी थांबते का. चढवताना हँडल आणि चेन गोणपाटात गुंडाळा, सायकलवर नाव-नंबराचा पुठ्ठा बांधा आणि पावती खिशात ठेवा.

उत्तर काठ की दक्षिण काठ

दोन्ही काठांनी रस्ते आहेत. उत्तरेचा म्हणजे जुना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. तो शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर अशी गावं ओवत सातपुड्याच्या पायथ्याशी समांतर जातो. दक्षिणेला रेल्वे आहे, चौपदरी महामार्ग आहे आणि ट्रकही आहेत. माझं मत सरळ आहे : चालवायला उत्तर काठ, पळ काढायला दक्षिण काठ. उत्तरेला केळीच्या बागा, सावली आणि बोलकी माणसं, तर दक्षिणेला स्टेशनं.

म्हणून तापीवरचे पूल पाठ करून ठेवा : प्रकाशा, सारंगखेडा, शिरपूरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरचा सावळदे, चोपडा-जळगाव रस्त्यावरचा विदगाव आणि शेवटी यावल-भुसावळ रस्त्यावरचा. पुलाकडे जाणारा फाटा आला की थांबून स्वतःला विचारायचं, उद्याचा दिवस याच काठावर काढायचा का? पाय दुखत असतील, ताप वाटत असेल किंवा जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट असेल, तर तिथेच पूल ओलांडून स्टेशन गाठायचं. फाटा मागे पडला की पुढचा पूल येईपर्यंत बराच वेळ जातो. पावसाळ्यात निघण्याआधी यांतला कोणता पूल दुरुस्तीसाठी किंवा जड वाहनांसाठी बंद आहे, हे एसटी स्टँडवर विचारून घ्या. चालक-वाहकांना नकाशाच्या ॲपपेक्षा जास्त माहीत असतं.

फरशीवरचं पाणी

या प्रवासात तुम्हाला भिजवणारा पाऊस तेवढा धोक्याचा नाही, जेवढा दुसरीकडे पडलेला. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धी तयारी झाली.

उत्तर काठाचा रस्ता सातपुड्यातून उतरणारे नदी-नाले एकामागून एक ओलांडतो. शहाद्याला गोमाई, शिरपूरला अरुणावती, शिरपूर-चोपड्याच्या मध्ये अनेर, पुढे यावल-फैजपूरकडे मोर, आणि बिननावाचे नाले तर कितीतरी. मोठ्या नद्यांवर चांगले पूल आहेत, पण आतल्या रस्त्यांवर अजून फरशी पूल आहेत, म्हणजे पात्रालगतचे ठेंगणे पूल, ज्यांच्यावरून पुराचं पाणी जातं. डोंगर जवळ, नाला आखूड, उतार तीव्र, त्यामुळे वर दोन तास पाऊस झाला की खाली कोरड्या उन्हात अचानक लाल पाणी येतं. तुमच्या डोक्यावर ढगाचा तुकडाही नसतो.

उलटी बाजूही तितकीच खरी आहे. जे पाणी झपाट्यानं चढतं, ते झपाट्यानं उतरतं. त्या पहिल्या फेरीत शिरपूर-शहाद्याच्या मध्ये आतल्या रस्त्यानं जाण्याचा शहाणपणा करून मी अशाच एका फरशीवर अडकलो. पाणी जेमतेम पोटरीएवढं दिसत होतं. सायकल खांद्यावर घेऊन जावं, असा विचार चालू होता. पलीकडे म्हशी घेऊन थांबलेल्या आजोबांनी ओरडून सांगितलं, "बस भाऊ, बस. दोन तासमां पानी उतरी जाई." मी बसलो. अर्ध्या तासानं त्याच पाण्यातून बाभळीचं एक अख्खं झाड मुळांसकट गेलं. सव्वादोन तासांनी फरशी उघडी पडली आणि तिच्या कडेचा हातभर तुकडा जागेवर नव्हता. गढूळ पाण्याखाली तो मला दिसला नसता.

तेव्हापासूनचे नियम असे. फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ असो, ओलांडायचं नाही. थांबायचं ठिकाण पाण्यापासून लांब, उंचावर. काठावर एक काडी रोवा, पाणी काडीच्या पुढे येतंय की मागे जातंय ते दहा मिनिटांनी बघा. चढत असेल तर मागच्या गावी परत फिरा. उतरत असेल तर बसा, दशम्या खा. पाणी ओसरलं तरी लगेच सायकलवर बसून जाऊ नका. फरशीवर गाळाचा थर असतो, साबणासारखा. उतरून, सायकल हातात धरून, मधोमध चालत जा.

मोठ्या तापीचं गणित वेगळं आहे. ती हळू चढते आणि हळू उतरते. तिचं पाणी बैतूल-बऱ्हाणपूरकडून आणि पूर्णेतून येतं आणि हतनूर धरणावर अडतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या गावांना इशारा दिला जातो, बातम्यांत किती क्युसेक सोडलं ते येतं. खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी बॅरेजेस आहेत, त्यांचेही दरवाजे पाण्याप्रमाणे हलतात. म्हणजे तुमच्या तालुक्यात पाऊस नसला तरी रोज सकाळी दोन गोष्टी बघायच्या : बऱ्हाणपूरकडे काल किती झाला आणि हतनूरचे किती दरवाजे उघडे आहेत. नदीपात्रात तंबू ठोकायचा विचार मनातही आणू नका. काठाच्या कडेवर उभं राहून फोटोही नको. तापीकाठची गाळाची माती खोल आणि भुसभुशीत आहे. वरून सपाट दिसणारी कड खालून पोखरलेली असते.

ढग वाचणं

हवामान खात्याचा जिल्हावार अंदाज रात्री झोपताना आणि पहाटे निघताना बघा. फोनमध्ये 'दामिनी' ॲप असू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं हे ॲप आसपास वीज पडत असल्याचं सांगतं. पण रेंज नसलेल्या पट्ट्यात शेवटी डोळेच कामाला येतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरातला वादळी पाऊस बहुधा दुपारनंतरचा. सकाळभर जमीन तापते, अकरा-बाराला सातपुड्यावर कापसाच्या गंजीसारखे पांढरे ढग उभे राहू लागतात. त्यांच्या कडा स्पष्ट, फुलकोबीसारख्या असतील तर ते अजून वाढतायत. डोकं पसरून ऐरणीसारखं चपटं झालं आणि बूड काळंनिळं झालं, की तुमच्याकडे फार तर तासभर आहे. पाठीचा वारा एकाएकी पडला, पानही हलेना, आणि मग समोरून गार झोत आला तर तासभरही नाही. त्या झोताबरोबर धूळ येते, मातीचा वास येतो आणि मागून पाऊस येतोच. परतीचा पाऊस पुष्कळदा पूर्वेकडून चढतो. आपण पूर्वेकडे जात असल्यानं तो समोरून दिसतो, ही एक मेहेरबानी.

यावरून दिवसाचा साचा आपोआप ठरतो. सहाला निघायचं, मध्ये एकदा नीट नाश्ता, आणि दुपारी एक-दीडच्या आत मुक्कामाचं गाव. पन्नास-साठ किलोमीटरच्या वर दिवस आखायचा नाही. दुपारनंतर 'अजून पंधराच तर राहिलेत' हा विचार सगळ्यात महागात पडतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीननं भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आलं तर सायकल सोडा आणि पक्क्या इमारतीत शिरा. शाळा, ग्रामपंचायत, पेट्रोलपंपाचं ऑफिस, काहीही चालेल. शेतातलं एकटं निंबाचं झाड, पत्र्याची एकटी शेड, विजेचा खांब यांच्या आसऱ्याला जाऊ नका. बंद काचांची चारचाकी मिळाली तर ती उत्तम, आणि अशा वेळी खान्देशात कुणी गाडीत बसू देत नाही असं होत नाही. काहीच नसेल तर सायकलपासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसा. आडवं पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच निघा. पुष्कळ अपघात पाऊस थांबल्यावर घाई करणाऱ्यांचे होतात.

सायकल आणि सामान

भारी सायकल लागत नाही. गिअरची साधी हायब्रिड पुरते, टायर मात्र ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद हवेत. आपल्याकडचा खरा शत्रू बाभळीचा काटा. टायरच्या आत लायनरची पट्टी टाका, दोन ट्यूब जादा घ्या, पंक्चरचं सामान आणि पंप घ्या. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. एकाच काट्यानं दोनदा पंक्चर झालं की रडू येतं.

दुसरा शत्रू काळी माती. डांबरावरून खाली उतरलात आणि ओल्या शेतरस्त्याला लागलात, तर शंभर पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा गच्च बसतो की चाकच फिरत नाही. ढकलूही नका, उचला. जुनी लाकडी पट्टी किंवा चमचा हाताशी ठेवा, चिखल खरवडायला त्याच्यासारखं हत्यार नाही. ओलं असताना डांबर सोडायचं नाही, हा सरळ उपाय.

रेनकोट जॅकेटचा घ्या, पोंचो नको. वाऱ्यात पोंचोचं शीड होतं. कपडे, कागद, बॅटरी बँक यांना रेनकव्हरवर विसंबू नका. खताच्या गोणीतली आतली जाड प्लास्टिकची पिशवी धुऊन, उलटी करून वापरा. शेतकरी त्याच गोणीची खोळ डोक्यावर घेऊन दिवसभर निंदणी करतात, तेव्हा तिची परीक्षा झालेली आहे. मागे लाल दिवा दिवसाही चालू, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट. केळीचे ट्रक पहाटे निघतात आणि भरधाव असतात.

पाच दिवस कसे पाडायचे

पहिला दिवस छोटा ठेवा. नंदुरबारला उतरून सायकल जोडा, ब्रेक तपासा आणि प्रकाशा गाठा. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. वारा डाव्या अंगाला असतो, मोठा ट्रक गेला की सायकल हलते, हँडल सैल धरू नका. प्रकाशाला तापी-गोमाई संगमावर केदारेश्वराचं मंदिर आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ च्या उत्खननात इथे ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीचे थर मिळाले, म्हणजे माणसं या काठावर फार जुन्या काळापासून टिकून आहेत. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर गाळ असतो, अनवाणी सावकाश उतरा. मुक्काम पुढे बारा-पंधरा किलोमीटरवर शहाद्याला.

दुसरा दिवस शहादा ते शिरपूर, पंचावन्न-साठ किलोमीटर. सगळ्यात मोकळा पट्टा हाच. कापूस, पपई, मध्येच ऊस. सावली कमी, म्हणून पाणी जास्त. तिसरा दिवस शिरपूर ते चोपडा, पन्नासच्या आसपास. अनेरच्या पुलावर थांबा, इथे धुळे जिल्हा संपून जळगाव लागतो.

चौथा दिवस माझा आवडता. चोपड्याहून अडावदपर्यंत गेलात की डोंगराकडे उनपदेवाचे गरम पाण्याचे झरे आहेत. चौथ्या दिवशीच्या मांड्यांना त्या पाण्यासारखं औषध नाही. मात्र रात्री डोंगरात जोराचा पाऊस झाला असेल तर हा फाटा सोडून द्या. पुढे यावल, मग फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथेच भरलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. वादळी वाऱ्यात आडव्या पडलेल्या बागा दिसल्या तर फोटो काढण्याआधी बांधावरच्या माणसाशी दोन शब्द बोला. त्याचं वर्षभराचं पीक तिथे झोपलेलं असतं.

पाचवा दिवस फैजपूरहून भुसावळ, तापी ओलांडून वरणगाव, आणि मुक्ताईनगरच्या बाजूनं चांगदेव. चौपदरीवर डाव्या कडेची पट्टी धरा, उड्डाणपुलावर न चढता सर्व्हिस रोडनं जा.

खाणं

केळी सगळीकडे मिळतात, पण नुसत्या केळ्यांवर दिवस निघत नाही. सकाळी कळण्याची (ज्वारी-उडदाची) किंवा दादरची (रब्बी ज्वारीची) भाकरी, ठेचा आणि दही मिळालं तर सोडू नका, दुपारपर्यंत पोटात टिकतं. शेवभाजी रात्रीच. दुपारच्या उन्हात ती तर्री खाऊन सायकल चालवायची हिंमत मी एकदा केली, पुन्हा करणार नाही. उकाड्यात तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी लागतं. सलाईन पावडर नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पूर आलेल्या गावात हातपंपाचं पाणी टाळा, उकळलेलं किंवा बाटलीचं घ्या.

एकटेपणाची शिस्त

घरातल्या एकाच माणसाला जबाबदार करा. निघताना, नाश्त्याला आणि पोचल्यावर असे तीन मेसेज. दुपारी चारपर्यंत तिसरा मेसेज आला नाही तर त्यानं फोन करायचा, लागला नाही तर मुक्कामाच्या लॉजवर करायचा. म्हणून लॉज सकाळीच ठरलेलं असावं. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेला १०८. खिशात रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, प्लास्टिकमध्ये.

सायकल मोडली तर एसटीच्या भरवशावर राहू नका, टपाची शिडी आता बऱ्याच गाड्यांना नसते. काळी-पिवळी किंवा केळीचा रिकामा परतणारा पिकअप हात केला की थांबतो. भाडं आधी ठरवा. कुत्री मागे लागली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. चावलंच तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा.

आणि टपरीवर कुणी "कथा चालना भाऊ?" म्हणजे कुठे चाललास, असं विचारलं, तर खरं सांगा. पुढच्या फरशीवर पाणी आहे की नाही, हे त्यालाच ठाऊक असतं. बाईमाणूस एकटी असेल तर मुक्कामाचं गाव मात्र सांगू नये, "पुढे भाऊ उभा आहे" एवढंच पुरे.

चांगदेवला पोचल्यावर

तापी आणि पूर्णा इथे मिळतात. पाण्याच्या काठी चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर, आसपास मुक्ताईचं स्थान आणि हतनूरच्या फुगवट्याचं पसरलेलं पाणी. थंडीत इथे बाहेरगावचे पक्षी उतरतात. दोन नद्यांच्या पाण्याचे रंग पावसाळ्यात वेगळे दिसतात. कुठली जास्त गढूळ आहे ते बघा, म्हणजे वर कुठे पाऊस झाला ते कळेल.

घरी आल्यावर अंघोळीआधी सायकल धुवा. पाणी जोरात बेअरिंगवर मारू नका, बादली आणि फडकं पुरे. चेन पुसून कोरडी करून तेल द्या, ब्रेकपॅडमध्ये अडकलेली वाळू सुईनं काढा, सीटपोस्ट काढून सायकल उलटी करा आणि फ्रेममधलं पाणी निथळू द्या. काळी माती एकदा वाळली की सिमेंट होते, मग खरवडताना रंगही जातो.